जुन्या गाडीचे ब्रेक पॅड: पिस्टन मागे जात नसेल तर जोर वाढवू नका, कारण शोधा

रिंगपाना

नव्या गाडीवर डिस्क पॅड बदलणं खरंच सोपं आहे. गाडी पंधरा-वीस वर्षांची झाली की मात्र पॅड हा कामाचा सगळ्यात लहान भाग उरतो. खरं काम म्हणजे पॅडला डिस्कवर दाबणारा पिस्टन, त्याचं घर म्हणजे कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या स्लाइड पिन आणि पॅडचे कान (दोन्ही टोकं) ज्या खाचेत सरकतात ती खाच, या तिन्ही गोष्टी मोकळ्या आहेत की नाहीत हे तपासणं. यातली एक जरी जाम असेल तर नवे पॅड एका बाजूने झिजतात, डिस्क तापते आणि दोष मात्र पॅडला दिला जातो.

आधी पुढच्या चाकांचं, म्हणजे एका पिस्टनच्या सरकत्या कॅलिपरचं बघू.

गाडी सपाट, टणक जमिनीवर घ्या. मागच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा. नट अर्धा फेरा सैल करायचे ते चाक जमिनीवर असतानाच. जॅक फक्त उचलायला. हात आत घालायचा तो गाडी स्टँडवर बसल्यावर. पॅड नेहमी जोडीने बदलायचे, डावं-उजवं दोन्ही, पण एका वेळी एकच बाजू उघडा म्हणजे दुसरी बाजू नमुना म्हणून समोर राहते.

चाक काढायच्या आधी बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची टाकी बघा. पॅड झिजत जातात तशी ऑइलची पातळी खाली येते. मधल्या काळात कुणी वरून ऑइल भरून ठेवलं असेल, तर पिस्टन मागे ढकलताच तेवढं ऑइल टाकीतून बाहेर येणार आणि रंगावर पडलं की रंग सोलणार. स्वच्छ सिरिंजने पातळी अर्ध्यावर आणा, टाकीभोवती फडकं गुंडाळा. काढलेलं ऑइल परत वापरायचं नाही.

कॅलिपरचे दोन बोल्ट बहुतेक गाड्यांत १२ ते १४ मिमीच्या पान्याचे असतात, काही युरोपीय गाड्यांत ७ मिमीची ॲलन की लागते. खालचा बोल्ट काढून कॅलिपर वर फिरवता येत असेल तरी जुन्या गाडीवर दोन्ही काढा, कारण दोन्ही पिना बाहेर काढून साफ करायच्याच आहेत. काढलेला कॅलिपर ऑइल आणणाऱ्या रबरी होजवर (नळीवर) लोंबकळत ठेवू नका. सस्पेन्शनच्या स्प्रिंगला तारेने बांधा. होजच्या आतला थर फाटला तर बाहेरून काहीच दिसत नाही.

जुने पॅड काढल्यावर फेकू नका. आतला आणि बाहेरचा शेजारी ठेवून जाडी मोजा. आतला जास्त झिजला असेल तर पिस्टन मागे येत नाही, किंवा पिना जाम असल्यामुळे कॅलिपर सरकत नाही आणि सगळं काम आतला पॅडच करतो आहे. बाहेरचा जास्त झिजला असेल तर ब्रेक सोडल्यावर कॅलिपर पिनांवर अडकून राहतो आहे. पॅड तिरका, पाचरीसारखा झिजला असेल तर एक पिन जाम आहे किंवा पॅड खाचेत आडवा अडकला आहे. नव्या पॅडचा घासणारा थर साधारण १० ते १२ मिमीचा असतो. ३ मिमी उरला की बदला.

आता पिस्टन. जुना पॅड पिस्टनच्या तोंडावर आडवा ठेवा आणि सी-क्लॅम्पने हळूहळू दाबा. पाव फेरा, थांबा, पाव फेरा. पिस्टन सरळ आणि एकसारख्या जोराने आत जायला हवा. स्क्रू ड्रायव्हर डिस्कला टेकवून पिस्टनच्या काठावर रेटा देऊ नका. पिस्टन तिरका होतो, बूट (पिस्टनभोवतीचं धूळ अडवणारं रबर) फाटतो, आणि फिनॉलिकचा म्हणजे कडक प्लॅस्टिकसारख्या मालाचा पिस्टन असेल तर त्याचा कपचा उडतो.

ढकलण्याआधी बूट उचलून आत नजर टाका. पिस्टनचा जो भाग बाहेर आला होता त्यावर गंज किंवा वाळलेला चिखल असेल आणि तो तसाच आत ढकलला, तर तो थेट सीलवरून, म्हणजे ऑइल अडवणाऱ्या रबरी कड्यावरून जातो. तिथून ऑइल पाझरायला सुरुवात होते.

कानस_१२

उत्तम सुरुवात. खाचेबद्दल थोडी भर घालतो, कारण इथे सगळे घाई करतात.

पॅडचे कान स्टीलच्या पातळ क्लिपांवर सरकतात. जुन्या गाडीत क्लिपच्या खाली ब्रॅकेटला (पॅड आणि कॅलिपर धरणाऱ्या चौकटीला) गंज धरतो, गंज फुगतो आणि क्लिप आतल्या बाजूला रेटली जाते. क्लिप वरून चकचकीत दिसते, पण खाच अर्धा मिमी अरुंद झालेली असते. नवा पॅड मग हातोडीने ठोकून बसवला जातो. ठोकून बसलेला पॅड मागे येणार कसा?

क्लिपा काढा, खालचा गंज तारेच्या ब्रशने आणि बारीक कानशीने धातू दिसेपर्यंत काढा. ब्रॅकेटचा मूळ धातू खायचा नाही, फक्त गंज. नव्या क्लिपा टाका. मग पॅड हाताने सरकवून बघा: बोटाने ढकलला की सरकायला हवा आणि वर-खाली खडखडायला नको. नव्या पॅडच्या कानांवर रंगाचा जाड थर असेल तर तोही कानशीने उतरवा.

आणखी एक. झिजल्याची सूचना देणारी पत्र्याची जीभ असलेला पॅड बहुतेक गाड्यांत आतल्या, पिस्टनच्या बाजूला येतो. डाव्या-उजव्याची अदलाबदल झाली तर जीभ चुकीच्या टोकाला जाते. बसवण्याआधी जुन्या पॅडशी ताडून बघा.

मेकॅनिकताई

धुळीबद्दल लिहायलाच हवं. जुन्या गाडीच्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. कॉम्प्रेसरच्या हवेने किंवा तोंडाने फुंकर मारून ब्रेकची धूळ उडवू नका. ब्रेक क्लीनरने भिजवून ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका. मास्क घालाच.

आणि रिंगपाना, पिस्टन ढकलताना ब्लीडर (कॅलिपरवरचा, हवा आणि ऑइल बाहेर काढायचा छोटा स्क्रू) उघडायचा की नाही, यावर तुम्ही काहीच बोलला नाहीत. माझं मत: जुन्या गाडीत उघडावा. कॅलिपरमधलं ऑइल सगळ्यात जास्त तापतं, पाणी आणि काळा गाळ तिथेच साठतो. ब्लीडर बंद ठेवून ढकललं तर तो गाळ उलटा वर, एबीएसच्या (चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) बारीक व्हॉल्व्हांपर्यंत आणि मास्टर सिलिंडरकडे, म्हणजे पेडलच्या जोराने ऑइलला दाब देणाऱ्या मुख्य सिलिंडरकडे जातो. ब्लीडरवर पारदर्शक नळी चढवा, दुसरं टोक थोड्या ऑइलमध्ये बुडवून बाटलीत ठेवा, ब्लीडर पाव फेरा उघडा, पिस्टन दाबा आणि दाब चालू असतानाच ब्लीडर बंद करा. आधी सोडला तर हवा आत ओढली जाते.

टॉर्कराव

मेकॅनिकताई, तत्त्व मान्य, पण वीस वर्षांत न उघडलेला ब्लीडर पाव फेरा फिरवणं ही सोपी गोष्ट नाही. तो मोडला तर पॅड बदलण्याचं काम कॅलिपर बदलण्यावर जातं. त्यामुळे नियम असा ठेवावा: ब्लीडर आदल्या दिवशीच गंज सोडवणाऱ्या ऑइलने भिजवायचा, सहा कोनी सॉकेट किंवा रिंग पानाच लावायचा, उघडा पाना अजिबात नाही. हातोडीने डोक्यावर दोन-चार हलक्या टिचक्या मारा, मग आधी किंचित घट्ट करण्याच्या दिशेने आणि नंतर सोडण्याच्या दिशेने. पान्याला स्प्रिंगसारखी लवचीकता जाणवायला लागली की थांबा, ती मोडण्याआधीची खूण आहे.

ब्लीडर सुटलाच नाही, तर टाकीतून ऑइल काढून पिस्टन अगदी सावकाश ढकला. ऑइल बदलायचं काम शिल्लक आहे हे मात्र विसरू नका. ब्लीडर परत बसवताना तो छोटा स्क्रू आहे हे लक्षात असू द्या. साधारण ७ ते १० न्यूटन मीटर पुरतं.

चौथागिअर

उपयुक्त धागा. प्रश्न आहे. गाडी १८ वर्षांची, पुढचं डावं चाक. आतला पॅड २ मिमी, बाहेरचा ६. पिना हाताने सहज सरकतात. पिस्टन सी-क्लॅम्पने अजिबात हलत नाही, क्लॅम्पच वाकायला लागला. मोठा क्लॅम्प आणू का? की होजला चिमटा लावून ब्लीडर उघडू?

रिंगपाना

मोठा क्लॅम्प नको. पिना मोकळ्या आहेत म्हणजे निम्मं निदान झालं. आता दोनच शक्यता: ऑइलला परत जायला वाट नाही, किंवा पिस्टन बोअरमध्ये, म्हणजे कॅलिपरच्या ज्या भोकात तो सरकतो तिथे, धरला आहे. हे वेगळं करायला ब्लीडर हीच चाचणी आहे.

क्लॅम्पचा दाब आहे तसा ठेवा आणि ब्लीडर उघडा. ऑइल जोरात उडालं आणि पिस्टन सहज आत गेला, तर पिस्टन ठीक आहे. ऑइल वर अडतं आहे. जुन्या होजमध्ये आतलं रबर फुगतं किंवा त्याची साल सुटते. पेडलचा दाब मोठा असतो, त्याच्या जोरावर ऑइल चाकाकडे जातं. परत येताना ढकलणारा जोर नगण्य, म्हणून ते अडकतं. ब्रेक लागलेलेच राहतात.

ब्लीडर उघडूनही पिस्टन हलला नाही, तर तो गंजाने धरला आहे.

शून्यरनआउट

याला जोडून एक पायरी. ब्लीडर उघडल्यावर पिस्टन गेला तरी लगेच होज बदलू नका, दोष आणखी वर असू शकतो. ब्लीडर बंद करा, पॅडसकट सगळं जागेवर बसवा, पेडल दोन-तीनदा दाबून सोडा आणि चाक फिरवून बघा. अडकलं असेल तर होजच्या वरच्या टोकाचा, म्हणजे लोखंडी पाइपचा जोड किंचित सैल करा. तिथे चाक सुटलं तर होज मोकळी आहे, दाब मास्टर सिलिंडरकडून कोंडला आहे. तिथे सुटलं नाही आणि ब्लीडरला सुटलं, तर होज बाद.

एकच चाक अडकतं आहे, त्यामुळे तुमच्या बाबतीत होजची किंवा कॅलिपरची शक्यता जास्त. मास्टर सिलिंडरच्या दोषात सहसा पुढची दोन्ही चाकं किंवा कर्णातली दोन चाकं एकत्र अडकतात. पेडलला वरच्या टोकाला थोडी मोकळी चाल आहे का तेही बघा. पेडलपासून मास्टर सिलिंडर ढकलणारा दांडा लांब ठेवला गेला असेल तर मास्टर सिलिंडरमधलं ऑइल परत जाण्याचं छिद्र झाकलेलंच राहतं आणि ब्रेक स्वतःहून लागत जातात.

होजला चिमटा लावायला माझा विरोध आहे. नव्या, मऊ होजवर गोल जबड्याचा खास क्लॅम्प एकवेळ चालेल. १८ वर्षांच्या कडक होजवर नाही. आतली साल ज्या कारणाने सुटते त्यात चिमटा हे एक कारण आहे.

चौथागिअर

ब्लीडर सुटला. ऑइल थेंब-थेंब आलं, पिस्टन जागचा हलला नाही.

टॉर्कराव

मग पिस्टन धरला आहे. बाहेर काढायला सगळ्यात सुरक्षित ताकद म्हणजे गाडीचाच पेडल. ब्लीडर बंद, होज जोडलेली, पॅड काढलेले, कॅलिपरच्या जबड्यात साधारण २० मिमीची लाकडी फळी. मदतनिसाने पेडल सावकाश दाबायचा, अर्ध्यापर्यंत. पिस्टन फळीला टेकला की पातळ फळी लावून पुन्हा. दुसऱ्या चाकाचा कॅलिपर त्या वेळी पूर्ण जोडलेला हवा, नाहीतर मोकळा पिस्टन आधी बाहेर येईल. पिस्टन सुटेल तेव्हा ऑइल सांडणार, खाली ट्रे ठेवा आणि टाकी कोरडी पडू देऊ नका.

कॉम्प्रेसरची हवा लावून पिस्टन काढतात, पण तो सुटतो तेव्हा हाताचं हाड मोडेल इतक्या जोरात येतो. लावायचीच असेल तर अगदी कमी दाब, समोर फळी आणि बोटं जबड्याच्या बाहेर.

रिंगपाना

पिस्टन बाहेर आला की काय बघायचं ते लिहितो, कारण इथे चुकीच्या जागी मेहनत होते.

सील चौकोनी काटछेदाचं रबर असतं आणि ते बोअरच्या भिंतीतल्या खाचेत बसतं. ऑइल अडतं ते सील आणि पिस्टनच्या बाहेरच्या पृष्ठभागामध्ये. म्हणून बोअरमध्ये किरकोळ डाग चालतो, पिस्टनच्या गुळगुळीत भागावर नखाला लागणारा खड्डा चालत नाही. क्रोमचा थर उडाला असेल तर पॉलिश पेपरने घासून उपयोग नाही, घासल्याने उरलेला थरही जातो. नवा पिस्टन घ्या.

हेच सील पिस्टनला मागेही आणतं. पेडल दाबला की पिस्टन पुढे जातो आणि सीलला किंचित पीळ बसतो; सोडला की सील सरळ होताना पिस्टनला मिमीच्या छोट्या अंशाएवढं मागे ओढतं. दुसरी कुठलीही स्प्रिंग तिथे नाही. सील कडक झालं की ही ओढ संपते.

आता खरी गोम. पुष्कळदा पिस्टन स्वच्छ असतो, तरी जाम. कारण सीलच्या मागे, खाचेच्या तळाशी गंज आणि पांढरट क्षार साठून सीलला पिस्टनवर आवळतात. सील लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या टोकाने काढा, खाच पूर्ण साफ करा. टोकदार लोखंडी वस्तूने खाचेला ओरखडा पडला तर तिथून गळती. धुवायला फक्त ब्रेक क्लीनर किंवा ब्रेक ऑइल. पेट्रोल, डिझेल, इंजिन ऑइल लागलं की हे रबर फुगतं.

नवं सील ताज्या ब्रेक ऑइलमध्ये भिजवा, खाचेत पीळ न पडता बसवा, पिस्टनलाही ऑइल लावा आणि दोन्ही अंगठ्यांनी सरळ दाबा. सगळं ठीक असेल तर बोटांच्या जोरानेच आत जातो. बूटची कड पिस्टनच्या गळ्यातल्या खाचेत पूर्ण गोल बसली आहे ना, आरशाने मागची बाजूही बघा.

ग्रीसगन

कुठलं ग्रीस कुठे, यावरून गोंधळ असतो, म्हणून थोडक्यात. पिनांना सिलिकोनचं, रबराला चालणारं ग्रीस. साधं बेअरिंगचं पेट्रोलियम ग्रीस लावलं की पिनेचे रबरी बूट आणि बाही फुगतात, आणि पिन नंतर हातोडीशिवाय निघत नाही. थर पातळ ठेवा. भोक ग्रीसने भरलं तर पिन दाबताना आत हवा कोंडते आणि पिन बाहेर फेकली जाते.

दोन पिना सारख्या नसतील, एकीच्या टोकाला रबरी बाही किंवा सपाट कड असेल, तर वरची-खालची कोणती ते काढतानाच खुणा करून ठेवा.

पॅडच्या पाठीला आणि कानांना उच्च तापमानाचं सिरॅमिक ग्रीस, पुसट. तांब्याचं ग्रीस ॲल्युमिनियमच्या कॅलिपरवर मी टाळतो, ओलाव्यात दोन धातूंच्या संपर्काने क्षरण वाढतं. पॅडच्या घासणाऱ्या बाजूला किंवा डिस्कला बोटाचंही ग्रीस लागता कामा नये.

कानस_१२

मागच्या चाकांचं वेगळं लिहा कुणीतरी. तिथे सी-क्लॅम्प लावून नासलेले कॅलिपर फार.

मेकॅनिकताई

लिहिते. मागे डिस्क असेल तर पिस्टनचं तोंड बघा. साधी पोकळ वाटी असेल तर पिस्टन सरळ ढकलायचा. अशा गाड्यांत हँडब्रेक बहुधा डिस्कच्या आतल्या छोट्या ड्रमवर असतो. तोंडावर फुलीसारख्या खाचा किंवा दोन-चार खड्डे असतील तर पिस्टन फिरवत आत न्यायचा. त्याच्या आत हँडब्रेकचा आट्यांचा दांडा आणि आपोआप जुळवणारी यंत्रणा असते. सरळ रेटलं तर ती यंत्रणा मोडते आणि हँडब्रेक कायमचा जातो.

हँडब्रेक पूर्ण सोडा. केबल ताणलेली असेल तर ती सैल करा. कॅलिपरवरची छोटी लिव्हर मागच्या अडणीला टेकलेली दिसली पाहिजे. मग पिस्टन फिरवण्याचं टूल लावा. बहुतेक गाड्यांत घड्याळाच्या दिशेने, पण काहींत एका बाजूचा पिस्टन उलटा असतो, म्हणून अडला तर जोर न लावता दिशा तपासा. फिरवताना दाबही द्यावा लागतो. नुसता फिरवला तर पिस्टन जागच्या जागी गरगरतो. बूट पिस्टनबरोबर पिळला जात असेल तर थांबा, कडेला थोडं रबर ग्रीस लावून तो मोकळा करा.

शेवटी खाच अशी थांबवा की पॅडच्या पाठीवरची गोळी तिच्यात बसेल. गोळी खाचेबाहेर राहिली तर पॅड तिरका बसतो आणि काही दिवसांत पाचर होतो.

सगळं जोडल्यावर आधी पेडल बऱ्याचदा दाबून आतली फट भरून घ्या, मगच केबल जुळवा. उलटं केलं तर लिव्हर अडणीवरून उचललेली राहते आणि यंत्रणा जुळवणं बंद करते.

इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर सर्व्हिस मोडशिवाय हात लावू नका.

घाटवाट

स्थिर कॅलिपरवाल्या जुन्या गाड्यांसाठी: दोन्ही बाजूंना समोरासमोर पिस्टन असतात. एक दाबला की दुसरा बाहेर येतो. म्हणून एका बाजूचा पॅड काढायचा, त्या बाजूचा पिस्टन दाबायचा, नवा पॅड घालायचा, मग दुसरी बाजू. कॅलिपरचे दोन भाग जोडणारे बोल्ट सोडू नका, मधल्या सीलमधून गळती लागते.

शून्यरनआउट

डिस्कही मोजा. किमान जाडी बहुधा डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या वाटीवर कोरलेली असते. कडेला उभी राहिलेली ओठासारखी धार टाळून, घासणाऱ्या भागावर मायक्रोमीटरने सात-आठ ठिकाणी मोजा. पेडल थरथरतो तो बहुतेक वेळा जाडीतल्या फरकामुळे, आणि त्यासाठी ०.०२ मिमीही पुरतात. डिस्क हबवर (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागावर) बसते ती जागा तारेच्या ब्रशने स्वच्छ करा. तिथला गंजाचा कण बाहेरच्या कडेला डिस्क डगमगवतो. नवी डिस्क असेल तर गंजरोधक ऑइल क्लीनरने पुसून घ्या.

टॉर्कसाठी तुमच्या गाडीच्या मॅन्युअलचा आकडा खरा. अंदाजासाठी: पिनांचे बोल्ट साधारण २५ ते ३५ न्यूटन मीटर, ब्रॅकेटचे ८० ते १२०, चाकाचे नट ९० ते १२०.

चौथागिअर

सील किट आणि नवा पिस्टन बसवला, खाचेत खरंच पांढरा थर होता. ऑइल घातलं, हवा काढली. पेडल कडक आहे, पण पहिल्या दाबाला जास्त खाली जातो. हे ठीक आहे का?

टॉर्कराव

पॅड बदलल्यानंतरचे पहिले काही दाब पिस्टन पुढे आणण्यात जातात, म्हणून गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबायचाच. पण नंतरही, थोडा वेळ थांबून दाबल्यावर दर वेळी पहिला दाब खाली जात असेल, तर हवा राहिली आहे, किंवा पॅड खाचेत तिरका आहे, किंवा डिस्क डगमगून पिस्टनला मागे ढकलते आहे. आधी हवा काढा. ब्लीडर कॅलिपरच्या वरच्या टोकाला आहे ना ते बघा. डावा-उजवा कॅलिपर बदलला गेला तर ब्लीडर खाली येतो आणि हवा कधीच निघत नाही.

हवा काढताना पेडल तळापर्यंत दाबू नका. रोजच्या वापरात मास्टर सिलिंडरचं सील ज्या भागात जात नाही तिथे गंज आणि गाळ असतो, जुनं सील त्यावरून गेलं की फाटतं. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा.

ऑइल टाकीच्या झाकणावर लिहिलेलंच. डॉट ३, ४ आणि ५.१ ग्लायकॉलची आहेत, डॉट ५ सिलिकोनचं आहे, ते यांत मिसळायचं नाही. ऑइल हवेतलं पाणी ओढतं: डॉट ४ ताजं असताना किमान २३० अंशांना उकळतं, पाणी मुरल्यावर ही मर्यादा १५५ वर येते. म्हणून उघडी राहिलेली जुनी बाटली नको.

रिंगपाना

आणि नवे पॅड डिस्कवर घासून नीट बसवून घ्या. मोकळ्या रस्त्यावर ५० च्या वेगावरून १५ पर्यंत मध्यम दाबाने आठ-दहा वेळा, मधे अर्धा मिनिट गाडी चालती ठेवून. गरम डिस्कवर पेडल दाबून गाडी उभी करू नका, तिथे पॅडचा माल चिकटतो आणि पुढे तिथेच थरथर येते. नंतर काही किलोमीटर ब्रेक न वापरता चालवून थंड होऊ द्या.

परत आल्यावर दोन्ही पुढच्या डिस्कचं तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने घ्या. दोन्ही जवळपास सारखी असायला हवीत. चाक उचलून हाताने फिरवल्यावर हलकं खरखरणं ठीक आहे. हात काढताच चाक थांबत असेल तर उजव्या बाजूशी तुलना करा. डावी डिस्क बरीच जास्त तापत असेल, तर त्याच चाकाची होज बाकी आहे. ती दोन्ही बाजूंची एकत्रच बदला.

चौथागिअर

हवा पुन्हा काढली, छोटे बुडबुडे निघाले. पेडल आता पहिल्याच दाबाला वर आहे. डावी डिस्क मात्र उजवीपेक्षा ४० अंशांनी जास्त तापते. होजची जोडी मागवतो.

शून्यरनआउट

मागवा. बसवताना होजच्या टोकाच्या तांब्याच्या वॉशर नव्याच घ्या, आणि घट्ट करण्याआधी स्टीअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून होज कुठे घासत किंवा पिळत नाही ना ते बघून घ्या.